धनुष्य हाती असताना लिहिलेलं

१८७४ च्या जानेवारीत मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले गेओर्ग ब्यूलर जैसलमेरला पोचले. सोबत हेर्मान याकोबी हा तेविशीतला जर्मन तरुण. किल्ल्यावरच्या जैन मंदिराच्या भांडारात ताडपत्रांचे गठ्ठे होते. त्यांतल्या एकात बिल्हणाचं ‘विक्रमाङ्कदेवचरित’ निघालं. दोघांनी बसून आठवड्याभरात त्याची नक्कल उतरून घेतली आणि पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, ते मुंबईत छापून निघालं. कृष्णाकाठच्या माणसाला या शोधाचं अगत्य वाटावं असं त्यात बरंच आहे. काव्याचा नायक कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य. नायिका चंद्रलेखा ही कऱ्हाडच्या शिलाहार राजाची मुलगी. स्वयंवराचा सगळा थाट कऱ्हाडचा. आणि पुढे सोळाव्या सर्गात थंडी पडते, राजा कुत्री घेऊन रानात शिरतो, शिकार मांडली जाते.

हे आज उकरून काढायचं कारण साताऱ्याच्या मैदानावर आहे. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये अदिती स्वामीने कम्पाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा तिचं वय होतं सतरा. त्याच्या आदल्याच महिन्यात आयर्लंडमधल्या लिमरिकला पार्थ साळुंखेने रिकर्व्ह प्रकारात युवा जगज्जेतेपद आणलं होतं. दोघंही साताऱ्याची. तेव्हापासून धनुष्याबद्दल काही वाचायला सांगा, असं विचारणारे वाढले आहेत. त्यांतल्या काहींना कप्प्या आणि तारा लावलेलं यंत्र नको असतं. त्यांना जुनं, एका दांडीचं आणि एका दोरीचं, शिकाऱ्याच्या खांद्यावरचं धनुष्य कसं होतं ते हवं असतं. या मंडळींच्या हाती हमखास पडतात ती इंग्रजी पुस्तकं.

ती पुस्तकं वाईट नाहीत. रॉजर अॅशमचं ‘टॉक्सोफिलस’ १५४५ चं, आठव्या हेन्रीला अर्पण केलेलं. मॉरिस थॉम्सनचं ‘द विचरी ऑफ आर्चरी’ १८७८ चं. हा लेखक अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या बाजूने लढलेला सैनिक. आणि सॅक्स्टन पोपचं ‘हंटिंग विथ द बो अँड अॅरो’, ज्याला आजचे शिकारी धनुर्धर पोथीसारखं मानतात. पोप हा सॅन फ्रान्सिस्कोचा शल्यविशारद. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, रानातून एकटाच बाहेर आला. त्याच्यावर उपचार करता करता पोप त्याच्याकडून धनुष्य तासायला, बाण सरळ करायला, सावज हाकारायला शिकला. १९१६ मध्ये इशी वारला. पोपच्या पुस्तकात विद्या आहे, जीव आहे, आणि एक हळहळही आहे.

ती हळहळच मला या सगळ्या फळीत खटकते. अॅशमने लिहिलं तेव्हा इंग्लंडात बंदूक येऊन ठेपली होती आणि लोकांनी धनुष्य सोडू नये म्हणून तो विनवत होता. थॉम्सनने लिहिलं तेव्हा कारखान्यांतून काडतुसांच्या रायफली बाहेर पडत होत्या. पोपने एका संपलेल्या जमातीची उरलेली विद्या टिपून घेतली. धनुष्य मागे पडल्यावर त्याच्या आठवणीत लिहिलेली ही पुस्तकं. धनुष्य हाच जेव्हा माणसाचा रोजचा भरवसा होता, तेव्हा त्याच्याबद्दल काय लिहिलं गेलं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने इकडे, आपल्या दख्खनकडे वळावं. त्यातही बाराव्या शतकाकडे.

कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. १०७६ मध्ये विक्रमादित्य गादीवर बसला, त्याने शककाल बाजूला सारून स्वतःच्या नावाचा संवत सुरू केला आणि पन्नास वर्षं राज्य केलं. हिंदू वारसा कायद्याचा पाया ठरलेली विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ याच दरबारातली. काश्मीरहून भटकत आलेला बिल्हण इथे विद्यापती झाला. कऱ्हाडची चंद्रलेखा या दरबारात राणी म्हणून आली आणि तिच्या रूपाची ख्याती इतकी लांब पसरली की कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त काश्मीरचा राजा हर्ष तिचं चित्र पाहूनच वेडावल्याची हकीकत आहे. कऱ्हाडच्या बाजारात आज कोणाला हे सांगितलं तर तो हसेल, पण गोष्ट ग्रंथात नोंदलेली आहे.

विक्रमादित्यामागून ११२६ च्या सुमारास त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर राजा झाला. लढाया त्याने बापाइतक्या गाजवल्या नाहीत. त्याने पुस्तक लिहिलं. शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९ मधलं हे ‘मानसोल्लास’, दुसरं नाव ‘अभिलषितार्थचिंतामणि’. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर. राज्य कसं मिळवावं इथपासून राजाने जेवावं काय, खेळावं काय इथपर्यंत सगळं. लोक त्याला सर्वज्ञ म्हणत, आणि स्वतः राजालाही ते नाव आवडत असावं, कारण त्याच्या ग्रंथात ‘हे मला ठाऊक नाही’ असा सूर कुठे सापडत नाही. बायका कांडताना ओव्या गातात ही महाराष्ट्राची नोंद याच ग्रंथात आहे, मराठी पदाच्या अगदी जुन्या ओळी याच ग्रंथात आहेत आणि इडलीच्या पूर्वजाची कृतीही याच ग्रंथात.

चौथी विंशती विनोदांची, म्हणजे राजाच्या करमणुकींची. तिथे शस्त्रविनोदात राजा भर सभेत धनुष्याचं कसब दाखवतो. सारमेयविनोद कुत्र्यांचा: कुठल्या मुलखातलं कुत्रं कसलं, डुकरामागे कोणतं सोडावं. श्येनविनोद ससाण्यांचा. मत्स्यविनोदात समुद्रातले आणि नदीतले मासे वेगळे काढून कोणाला कसलं आमिष लागतं ते दिलं आहे. आणि मग मृगयाविनोद.

हे प्रकरण वाचताना पहिल्यांदा जाणवतं ते हे की लिहिणारा स्वतः रानात बसलेला माणूस आहे. हरीण मारायची एकच रीत तो सांगत नाही. पाण्यावर दबा धरून बसण्याची रीत वेगळी, कुत्री सोडून दमवण्याची वेगळी, घोड्यावरून पाठलागाची वेगळी. माणसाळवलेलं हरीण पुढे ठेवून रानातलं हरीण जवळ आणायचं, ही एक. चित्ता सोडून पकडायची, ही आणखी एक. भारतात शिकवलेल्या चित्त्याने शिकार करण्याचा पहिला स्पष्ट पुरावा म्हणून जाणकार याच ग्रंथाकडे बोट दाखवतात. पुढे मोगलांनी तो शौक शिगेला नेला आणि विसाव्या शतकात कोल्हापूर संस्थानात आफ्रिकेतून आणलेले चित्ते काळविटांवर सुटत होते, तेव्हा आठशे वर्षांची ही साखळी आपल्याच दारात येऊन संपली.

चित्ता, कुत्रा, आमिषाचं हरीण, पाणवठा. या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच अडचण आहे: धनुष्याला जवळ जावं लागतं. सपाटीवर बाण दोनशे हात जाईल, पण चरणाऱ्या हरणाच्या बरगडीमागे बोटभर जागी तो नेमका बसायचा तर वीस-पंचवीस पावलांच्या आत पोचायला हवं. तेवढ्यात वारा पाठीकडून आला की संपलं. दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो आणि हरीण त्या आवाजासरशी खाली दबून उसळतं. नेमका घातलेला बाण पाठीवरून निघून जातो. लागलाच तर सावज जागच्या जागी पडत नाही, रक्त जाऊन पडतं, म्हणून लगेच मागे धावायचं नसतं. धावलं की ते जीव घेऊन कोसभर पळतं आणि रात्री तरसाच्या वाट्याला जातं. थांबायचं, मग गवताच्या पात्यांवरचे डाग बघत जायचं. पोपने हे विसाव्या शतकात पुन्हा शिकून लिहिलं. आपल्याकडच्या पारध्यांना ते सांगायला पुस्तक लागलं नव्हतं.

आणि धनुष्य कसलं? याचं उत्तर सोमेश्वराच्याही कितीतरी आधी कौटिल्याने चोख दिलेलं आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या अध्यायात ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं अशी धनुष्यं येतात, प्रत्येकाला निराळं नाव. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबूची साल, स्नायू. रुई म्हणजे मारुतीला वाहतो तीच, कोरेगाव-विट्याच्या रस्त्याकडेला माजलेली. तिच्या खोडाची साल सोलून निघणारा धागा पांढरा, रेशमासारखा आणि चिवट असतो. ज्याला खरंच जुन्या वाटेने जायचं आहे त्याने एक दिवस तो काढून, वळून पाहावा. हाताची कातडी गेली की जुन्या दोरीची किंमत कळते.

शिंगाचं धनुष्य सगळ्यात जोरकस. लाकडाच्या गाभ्याला पोटाकडून शिंगाच्या पट्ट्या, पाठीकडून स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. मध्य आशियातून आलेल्या घोडेस्वारांचं हे हत्यार. पण सरसाला दमट हवा मानवत नाही. आता आपला मुलूख बघा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि आग्नेयेला आटपाडी-जतकडे जावं तर पाचशेच्या आसपास. एवढ्याशा अंतरात धनुष्याचे दोन मुलूख. माणदेशच्या कोरड्या माळावर शिंगाचं धनुष्य टिकावं, जावळी-पाटणच्या रानात पावसाळ्यात ते सैल पडावं आणि साध्या कळकाच्या धनुष्याने काम भागवावं. हा माझा तर्क, पण हवेचा हिशेब पक्का आहे.

कौटिल्याने आणखी एक गोष्ट केली. जुने आचार्य मृगया हे राजाचं व्यसन म्हणत. मनूने तर कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांत तिचं नाव पहिलं घातलं. कौटिल्य म्हणतो की जुगारापेक्षा ती बरी: अंगाला व्यायाम होतो, मेद झडतो, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या आणि चिडलेल्या जनावराचं मन कळतं. मात्र राजाने रानात जाण्याआधी पारध्यांकडून आणि कुत्री बाळगणाऱ्यांकडून चोर, श्वापदं यांपासून ते रान साफ करून घ्यावं, हेही तो बजावतो. म्हणजे राजा जायच्या आधी खरी शिकार दुसऱ्याच कोणीतरी केलेली असे. त्या पारध्यांची नावं ना कौटिल्याने लिहिली, ना सोमेश्वराने.

त्या वेळच्या साध्या धनुर्धराची खूण बघायची तर ग्रंथ मिटून वाई तालुक्यात किकलीला जावं. चंदन-वंदन गडांच्या पायथ्याला भैरवनाथाचं जुनं देऊळ आहे आणि आवारात वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, मांडलेले आहेत. हे गड कोल्हापूरच्या शिलाहार भोजाने बांधले असं परंपरा सांगते. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, कधी शेजारी गाई. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला हाताला धरून नेताहेत. सर्वांत वर शिवलिंगापुढे तो हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र आणि सूर्य. महाराष्ट्रभरच्या अशा शिळांवर ढालतलवारवाले पुष्कळ, आणि अधूनमधून दोरी ओढून उभा राहिलेला एखादा धनुर्धरही. बहुतेकांवर अक्षर नाही.

सोमेश्वरानंतर दीडशे वर्षांनी, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ शिकारीच्या कपाटात ठेवायला मी कोणाला सांगितलं तर तो बुचकळ्यात पडेल. पण त्यात एक लीळा आहे. चक्रधरस्वामी रानात झाडाखाली बसले आहेत. पारध्यांनी उठवलेला ससा जीव घेऊन धावत येतो आणि त्यांच्या मांडीखाली शिरतो. मागून कुत्री येतात, मागून पारधी. ससा सोडा, म्हणतात. स्वामी सोडत नाहीत, त्यांच्याशी बोलत बसतात, आणि अखेर पारधीच ससा सोडून जातात. राजाच्या ग्रंथात ज्या माणसांना तोंड नव्हतं ती इथे बोलतात, हुज्जत घालतात, ऐकतात. ज्याला मृगयाविनोद वाचून रानाची चटक लागली त्याने लगेच ही लीळा वाचावी.

शिकारीच्या पोटातली ही कीव कालिदासाने त्याच्याही आधी ओळखली होती. ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गात दशरथ शिकारीत रंगला आहे. हरणावर नेम धरलेला, दोरी कानापर्यंत आलेली, आणि हरणी मधे येऊन उभी राहते. राजा धनुष्य उतरवतो. ‘शाकुंतला’ची सुरुवातच ऋषींनी बाण अडवण्यापासून होते. लांबून गोळी घालणाऱ्याच्या पुस्तकांत असे प्रसंग मला फारसे भेटले नाहीत. वीस पावलांवरून डोळे दिसतात, हे त्याचं साधं कारण असावं. म्हणून धनुष्याच्या काळातल्या पुस्तकांत कसब आणि कीव एकाच पानावर येतात. पोपच्या पुस्तकातही ती येतात, आणि म्हणूनच ते त्या इंग्रजी फळीत उजवं.

साताऱ्याला शिकारीचा राजा मिळाला तो मात्र बंदुकीच्या काळात. छत्रपती शाहू १६८९ मध्ये रायगड पडल्यावर सातव्या वर्षी मोगलांच्या हाती लागले, अठरा वर्षं औरंगजेबाच्या छावणीत वाढले, आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. शिकार हा त्यांचा जीव की प्राण. राज्याच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना हा एक मानाचा कारखाना होताच. त्यांच्या खंड्या कुत्र्याची गोष्ट साताऱ्यात पोराटोरांना ठाऊक आहे: शिकारीत वाघ अंगावर आला, खंड्याने सावध केलं, महाराज वाचले, आणि महाराजांनी कुत्र्याला पालखीचा मान दिला असं सांगतात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला खंड्याची समाधी आजही दाखवतात.

असा मान मिळालेला खंड्या एकटाच नव्हे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला सापडलेला ९४९-५० चा शिलालेख आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. गंग राजा बूतुगाने मनलेर नावाच्या वीराला पराक्रमाबद्दल काय हवं विचारलं, तेव्हा त्याने राजाची काळी नावाची कुत्री मागून घेतली. ती रानडुकराशी झुंजली, दोघंही मेली, आणि तिच्यासाठी दगड उभा राहिला. डुक्कर आणि कुत्री समोरासमोर कोरलेली. ते दिवस धनुष्याचे होते. आतकूर ते माहुली आठशे वर्षं होतात. एवढ्या अवधीत हत्यार बदललं, राजघराणी बदलली, कुत्र्याचा मान राहिला.

माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांचा उल्लेख केल्याशिवाय सांगलीकर मला सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. औंध संस्थानातल्या त्या दुष्काळी गावात १९२७ मध्ये जन्मलेला हा माणूस शिकारीच्या नादानेच रानात गेला. हाती बंदूक होती. पुढे ती सुटली, वही आणि रेखाटनं राहिली. वानरांच्या टोळ्यांवरच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हरणीसमोर धनुष्य उतरवणाऱ्या दशरथाच्या वाटेवरचं हे आपल्या भाषेतलं सगळ्यात अलीकडचं मोठं काम, असं मी समजतो.

आता हिशेबाचं बोलू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. बंदूक, धनुष्य, फासा, सगळं त्यात आलं, आणि ‘पारंपरिक’ म्हटल्याने सूट मिळत नाही. ज्या रानात बिल्हणाच्या राजासारखे राजे फिरले त्यातलं कोयना आणि चांदोलीचं रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. हरीण वीस पावलांवरून बघायची हौस असेल तर देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वरला जावं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं हे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं; पायथ्याला जुनी देवळं आहेत आणि वर सांबर, चितळ. वारा कुठून येतो ते बघून चालायचा सराव तिथे धनुष्याशिवायही होतो.

वाचायचं म्हणाल तर क्रम असा ठेवा. आधी ‘मानसोल्लासा’ची चौथी विंशती, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी संपादलेले तीन खंड आहेत, पहिला १९२५ चा, दुसरा १९३९ चा, तिसरा १९६१ चा. संस्कृत अडलं तर जवळच्या शिक्षकाला धरा, भाषा अवघड नाही. मग ‘लीळाचरित्रा’तली सशाची लीळा, मग ‘रघुवंशा’चा नववा सर्ग, मग माडगूळकर. पोप त्यानंतर वाचा. तोवर त्याने सांगितलेलं निम्मं तुम्हाला ठाऊक झालेलं असेल. आणि किकलीला गेलात तर वीरगळांना ऑइलपेंट लावू नका, लावणारा दिसला तर त्याला थांबवा.